आज एकच चूक

वरूडच्या एका शाळेत साधना मोहोड इंग्रजी शिकवतात. मुख्याध्यापक वामनरावांनी यंदा निबंध तपासणारं एआयचं अ‍ॅप आणलं, तेव्हा ते सगळ्यांआधी शिकून घेतलं साधना मॅडमनीच. त्याच्याकडून त्या संवाद लिहून घेत, त्यातलं लंडनचं स्टेशन खोडून तिवस्याचा स्टँड टाकत, आणि मग पोरांना इंग्रजीत बोलतं करत.

दिवाळीनंतर नववीतल्या अपेक्षाचा निबंध अ‍ॅपमधून लालेलाल होऊन परत आला. बागेत संत्र्यांनी लगडलेल्या फांद्यांना तिचे बाबा बांबूचे टेकू देत. तिनं लिहिलं होतं, ‘माय फादर गिव्ह बांबू टू टायर्ड ट्री.’ अ‍ॅपनं ते काढून ‘फार्मर्स सपोर्ट फ्रूट ट्रीज विथ बांबू पोल्स’ असं गुळगुळीत वाक्य बसवलं होतं. अपेक्षानं कागद बाकावर पालथा घातला.

“काय झालं वं?”

“मॅडम, हे माह्यं नाई राहिलं. माहा बाप तं कुठीच नाई यात.”

मॅडमनी तिचा मूळ कागद मागून घेतला. ‘गिव्ह’चं ‘गिव्हज्’ केलं आणि बाकी कशालाही हात लावला नाही.

वामनरावांनी तो कागद पाहिला. “अवो मॅडम, बाकीच्या चुका कावून सोडल्या? मशीननं तं साऱ्या काढून देल्या.”

“साऱ्या एकदम दाखवल्या तं पोरगी लिहिनंच सोडते, सर. आज एकच. ‘द’ कुठी लावाचा, ते पुढच्या आठवड्यात. अन ‘टायर्ड’ तं चूकच नाई.”

“वरून कोणी इचारलं तं?”

“माहं नाव सांगा.”

वामनरावांनी निबंधाचे गुण मॅडमनी दिले तेच कायम ठेवले.

जानेवारीत मॅडम अपेक्षाला घेऊन अकोल्याच्या इंग्रजी वक्तृत्व स्पर्धेला गेल्या. कितीतरी मुलं घोटलेली भाषणं धडाधड म्हणून गेली, पण परीक्षक बाईंनी साधा प्रश्न विचारला की गडबडू लागली. अपेक्षा बागेवर बोलली. तिलाही प्रश्न आलाच: झाड थकतं म्हणजे काय होतं?

ती थांबली. मागच्या रांगेत मॅडम पुढे झुकल्या.

“इट होल्ड्स सो मेनी ऑरेंजेस,” अपेक्षा म्हणाली, “अँड इट कॅनॉट सिट.”

आधी हशा पिकला, मग टाळ्या पडल्या. बक्षीस दुसऱ्याच शाळेला गेलं. परतीच्या बसमध्ये अपेक्षा अर्ध्या रस्त्यापर्यंत इंग्रजीतच बोलत होती, अडखळत, स्वतःच शब्द बदलत. साधना मॅडम हसून ऐकत होत्या. त्यांनी तिला एकदाही टोकलं नाही.