दाराच्या खांबातला रिले

गल्लीत त्याला सगळे ठिणगी म्हणत. गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो म्हणून नव्हे, तोंड उघडलं की समोरच्याला चटका बसतो म्हणून. त्याच्या हातून गेलेली गाडी बावीस वर्षांत कधी तक्रार घेऊन परत आली नव्हती, आणि ‘माझं चुकलं’ हेही बावीस वर्षांत त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

त्याचा साडू जुन्या गाड्या विकायचा. तीन वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या घरी, सगळ्यांदेखत, ठिणगीने त्याला दलाल म्हटलं आणि साडू भरल्या ताटावरून उठला. भांडले हे दोघे, पण तुटल्या त्या बहिणी. ठिणगीची बायको ताईशी फोनवर बोलायची तीही मोरीत नळ सोडून.

म्हणून साडूच्या गाडीची बॅटरी सारखी उतरायला लागली तेव्हा गाडी इकडे आणायचा घाट बहिणींनीच घातला. “ताई बरोबर येणार आहे,” बायको म्हणाली. “काम करा आणि तोंड आवरा. परत माझी बहीण तोडू नका.”

दोष ठिणगीला बघताक्षणी कळला. कुण्या अर्धवटाने अलार्मला साधा रिले, म्हणजे करंटवर चालणारा स्विच, लावला होता. गाडी कुलूपबंद असेपर्यंत तो इंजिन अडवून धरायचा आणि तेवढा वेळ करंट पीत बसायचा. ठिणगीने तो उपटला आणि त्याच्या जागी लॅचिंग रिले घेतला. त्याला करंटचा एक धक्का पुरतो. मग तो लावला तसा राहतो, काही खात नाही. फक्त जोरात हादरा बसला तर आपसूक पलटू शकतो. म्हणून तो डॅशबोर्डखाली, मऊ जागी बांधायचा. “लॅचिंग रिले दारापाशी लावतो तो वायरमन नव्हे, सुतार,” असं ठिणगी स्वतःच सगळ्यांना सुनवायचा.

पण डॅशबोर्डखाली साडूचा हात पोचला असता. त्याने तो उघडून दुसऱ्या कुणाला दाखवला असता आणि आपल्या सगळ्या गाड्यांत तसाच बसवून घेतला असता. या विचारानेच ठिणगीचं पित्त खवळलं. त्याने रिले दाराच्या खांबातल्या पोकळीत दडवला. दहा वेळा कुलूप लावलं, दहा वेळा उघडलं. सगळं चोख चाललं.

दुकानाच्या पायरीवर दोघी बहिणी एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या, रडत होत्या आणि हसतही होत्या.

“दोन वायरी जोडायला अर्धा दिवस?” साडू म्हणाला.

“दलालाला वायरीच मोजता येणार.”

झालं. साडूचे कान लाल झाले. “चल गं, बस गाडीत!” तो बायकोवर खेकसला. ताई हात सोडवून निमूट बसली. साडूने आपल्या बाजूचं दार असं आपटलं की काचा थरथरल्या. चावी फिरवली. इंजिन ढिम्म. परत फिरवली, तरी ढिम्म.

ठिणगीला तत्क्षणी कळलं. दाराच्या हादऱ्याने रिले पलटला होता आणि इंजिन अडवून बसला होता. रिमोटने एकदा कुलूप लावायचं, एकदा उघडायचं, की गाडी सुरू. पाच सेकंदांचं काम. पण ते सांगितलं की पुढचा प्रश्न आलाच असता: कुठे लावलास? तो हाताची घडी घालून उभा राहिला.

साडू उतरला, चावी आणि रिमोट ठिणगीच्या पायापाशी फेकले आणि पायी चालू लागला. ताई खाली मान घालून त्याच्या मागे गेली.

बायको समोर येऊन उभी राहिली. “मुद्दाम केलंत ना?”

मुद्दाम नव्हतं केलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं काम चुकलं होतं. ते सांगायला त्याने तोंड उघडलंही.

“हो,” तो म्हणाला. “मुद्दामच केलं.”

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, चपला घातल्या आणि ताईच्या मागे निघाली. 

त्याने चावी उचलली. कुलूप लावलं, उघडलं, चावी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. त्याने हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला, मग दाबूनच धरला. कोपऱ्यावर बायकोने ताईला गाठलं, तिचा हात धरला, आणि दोघी मागे न बघता वळल्या.