नाक की ओठ?

आमच्या तंजावूरच्या हॉस्पिटलात लेबर रूमबाहेर एक लांब बाक आहे. त्यावर बसलेल्यांना वाट पाहण्यापलीकडे कामच नसतं, म्हणून तिथे किस्से साठत जातात. मी इथली प्रसूतीची डॉक्टर, त्यामुळे ते माझ्याच वाट्याला येतात.

औषधाने कळा सुरू करण्याआधी गर्भाशयाचं तोंड तयार आहे का, ते बोटांनी तपासावं लागतं. मी शिकाऊ मुलींना सांगते, नाकाच्या शेंड्यासारखं कडक लागलं तर थांबा, ओठासारखं मऊ लागलं तर पुढे जा. एकदा वॉर्डात हे ऐकून सगळ्याजणी आपापली नाकं चाचपत उभ्या राहिल्या. तिरुवैयारूच्या एका सासूबाईंनी ते पाहिलं, पदर नाकाला लावला आणि विचारलं, “डॉक्टरम्मा, वास कसला येतोय?” सुनेची खाट खिडकीशी नेल्यावरच त्या शांत झाल्या.

ओरत्तनाडूचे एक गृहस्थ सरकारी ऑफिसातले. ज्योतिषाकडून नातवाची शुभवेळ काढूनच आले. मी समजावलं, तोंड अजून घट्ट आहे, घाई केली तर पोरीला नुसत्या कळा सोसाव्या लागतील आणि शेवटी ऑपरेशन करावं लागेल. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, “यासाठी वरच्या कुणाशी बोलायचं?”

आणि परवा माझीच लेक तुळजा ॲडमिट झाली. बीपी चढत होतं, फार दिवस थांबणं बाळाला आणि तिला दोघांना धोक्याचं. माझी ज्युनिअर सेल्वी तिला तपासणार होती. तोंड मऊ असेल तर आजच कळा सुरू करता येतील, नसेल तर आधी तोंड मऊ करणारं औषधी जेल ठेवून थांबायचं आणि बीपीवर डोळा ठेवायचा. रोज दुसऱ्यांना धीर देणारी मी, पण त्या दिवशी मला राहवेना. मी सेल्वीला बाजूला केलं आणि ग्लोव्ह चढवले.

तुळजाने पाय जवळ घेतले.

“आई, तू नक्को. तू तपासलंस तर मला पाहिजे तेच सांगशील.”

मी ग्लोव्ह काढले आणि बाहेर आले. जावयांनी बाकावर सरकून मला जागा करून दिली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“डॉक्टर काय म्हणाल्या?” त्यांनी मला विचारलं.

“अजून बाहेर आल्या नाहीत,” मी म्हणाले.