मागचं डावं चाक

या सदरात लोक जे लिहितात ते मी नेमाने वाचतो, आणि खरं सांगायचं तर चहा पिता पिता हसतो. पिंपळाखालची बाई, माळ्यावरची पावलं, आपोआप उघडलेलं दार... माझं डोकं लगेच वारा, उंदीर, सैल बिजागरी या दिशेने धावतं. त्यात माझा दोष नाही, माझं पोटच त्यावर चालतं. समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या प्लांटवर मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर आहे. एखादा सेन्सर खोटं बोलायला लागला, की तो का बोलतोय ते शोधायचं, हे माझं काम. कारण नेहमी सापडतं — ओल, गंज, नाहीतर सुटलेली वायर. कारणाशिवाय बोलणारा सेन्सर मी नोकरीत कधी पाहिला नव्हता. आता पाहिलाय, आणि तो माझ्याच गाडीत आहे. तेव्हा आज हसायची पाळी तुमची.

आम्ही अबू धाबीत अल रीम आयलंडवर राहतो. मी, बायको रेवती आणि मुलगी ईरा, जी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीतच उत्तर देते. आमच्या टॉवरच्या पायाशी पाणी आहे. समुद्राचा एक हात बेटांच्या मधून आत शिरलाय, अलीकडे बांधीव काठ आणि रस्ता, पलीकडे खारफुटी. ब्रोकरने 'कॅनाल व्ह्यू' म्हणून आमच्या गळ्यात हे घर मारलं होतं.

बाबा गावी दादा-वहिनीकडे असतात. गेल्या हिवाळ्यात वहिनीचं ऑपरेशन निघालं, म्हणून ते आमच्याकडे आले. बाबा जन्मभर पाटकरी होते. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी कुठल्या चारीला, कुणाच्या शेताला, कधी सोडायचं ते बघणारा माणूस. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावात काठी घेऊन कालव्याच्या भरावावरून चालणं हीच त्यांची नोकरी. त्यांची चालही तशीच झालेली. थोडं चालायचं, थांबायचं, पाण्याकडे बघायचं, काठी टेकायची, परत चालायचं. लहानपणी त्यांच्या मागून जाताना ते कधी थांबतील याचा नेम नसायचा आणि मी त्यांच्या पाठीवर जाऊन आपटायचो.

अलीकडे ते विसरायला लागलेत. ईराला माझ्या आत्याच्या नावाने हाक मारतात, जेवून उठल्यावर जेवण मागतात. आता त्यांना इथेच कायमचं ठेवून घ्यावं असं रेवतीचं म्हणणं होतं. मला ठरवता येत नव्हतं. दुपारी रेवती त्यांना पाण्याकाठी फिरायला न्यायची, तेवढ्यापुरते ते खुशीत असायचे.

बाबा आले त्याच आठवड्यात माझ्या गाडीत एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागला. लागायचा, जायचा, परत लागायचा. मी मुसफ्फाला इक्बालभाईंकडे गेलो. इक्बालभाई रत्नागिरीकडचे, पांढरी दाढी, छोटं गॅरेज. त्यांनी स्कॅनर लावला तर मागच्या डाव्या चाकाच्या स्पीड सेन्सरचा कोड आला. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो आणि चाक किती वेगाने फिरतंय ते तो गाडीला सांगतो. आमचा हा डावा काहीतरी भलतंच सांगत होता. इक्बालभाईंनी कनेक्टर साफ केला, वायर हलवून बघितली. मग मागचे दोन सेन्सर आपसात बदलले, म्हणजे दोष सेन्सरमध्ये असेल तर तो उजवीकडे जाईल. दोष जागचा हलला नाही. मग हब बदलला. दिवा गेला, आणि परतीच्या वाटेवर पूल ओलांडायच्या आत परत लागला.

असा लपंडाव खेळणारा बिघाड गॅरेजात कधीच दिसत नाही. शेवटी इक्बालभाईंनी अंगठ्याएवढं एक यंत्र स्टिअरिंगच्या खाली खोचून दिलं. त्यामुळे चारही चाकांचे वेग माझ्या मोबाइलवर दिसायचे आणि नोंदलेही जायचे. आठवडाभर वापरा आणि घेऊन या म्हणाले.

आठवड्यानंतर आम्ही दोघं स्टुलावर बसून तो आलेख बघत होतो. दिवा लागायचा तो बहुतेक दुपारी, मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत डबा खात बसलेला असताना. गाडी उभी. तीन चाकं शून्य. मागचं डावं चाक ताशी चार किलोमीटर. मग शून्य. मग परत चार, तीन, चार, शून्य.

"भाऊ, गाडी उभी आहे, पण हे चाक चाललंय," इक्बालभाई म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "आणि चाललंय ते गाडीसारखं नाही. माणसासारखं."

मी म्हटलं, जवळून विजेची मोठी केबल जात असेल, तिचा परिणाम. दुसऱ्या दिवशी मी गाडी पार दुसऱ्या टोकाला लावली. चार, तीन, शून्य, चार. तिथेही तेच. कारण सापडेपर्यंत यंत्र तुमच्याकडेच ठेवा, इक्बालभाई म्हणाले.

याच सुमारास बाबांचं एक नवीन सुरू झालं. ते बाल्कनीत बसून खालचं पाणी बघायचे, आणि त्यांच्या लक्षात आलं की सकाळी एका दिशेने वाहणारं पाणी नंतर उलटं वाहतं. भरती-ओहोटी, दुसरं काय. मी समजावून सांगितलं. इंजिनिअर होऊनही पोरगं वाया गेलं अशा नजरेने ते माझ्याकडे बघत राहिले.

"कालव्याचं पानी माघारी फिरत नसतंय," ते म्हणाले. "वर कुनीतरी गेट उघडलंय. खालच्या लोकांची पिकं जातील."

दिवसभर त्यांच्या जिवाला तोच घोर लागलेला. जेवताना हात थांबायचा आणि नजर बाल्कनीकडे जायची. बघून मला वाईट वाटायचं, आणि खोटं कशाला बोलू, वैतागही यायचा.

मग ती शनिवारची सकाळ. हिवाळ्यात इथे धुकं पडतं ते आपल्याकडच्या धुक्यासारखं नाही. समुद्रावरून येतं आणि शहर पुसून टाकतं. खिडकीतून बघितलं तर फक्त टॉवरांचे वरचे मजले दिसत होते, खाली नुसता कापूस. मी चहाचं आधण ठेवत होतो आणि ईरा डोळे चोळत स्वयंपाकघरात आली. "आजोबा इज नॉट इन हिज रूम," म्हणाली.

काठीही नव्हती. रेवतीने पोलिसांना फोन लावला आणि ती ईराजवळ घरी थांबली, मी खाली धावलो. वॉचमनने पाहिलं होतं — एक म्हातारे गृहस्थ मघाशीच बाहेर पडले. कुठल्या बाजूला? त्याने धुक्याकडे हात केला.

 बाहेर पाणी, काही ठिकाणी काम चालू म्हणून कठडा काढलेला, आणि हाताच्या अंतरापलीकडे काही दिसत नाही. पायी जाऊ की गाडी काढू, काही सुचेना. सवयीने बेसमेंटमध्ये गेलो, गाडी चालू केली, आणि होल्डरमधला मोबाइल उजळला.

तीन शून्यं आणि एक चार.

मी बघत राहिलो. चार, चार, तीन... शून्य. मग जरा थांबून चार. मग शून्य. आणि एकाएकी मला ती चाल ओळखू आली. डोक्याने नाही, कपाळाने म्हणा हवं तर — ज्या पाठीवर मी इतक्यांदा आपटलो होतो, तीच ती चाल. बाबा चालत होते. पडले नव्हते, पाण्यात गेले नव्हते, चालत होते. मी तिथे बेसमेंटमध्ये हुंदका दिला.

गेट वर असतं. वर म्हणजे जिकडून पाणी येतंय तिकडे, समुद्राच्या बाजूला. मी रॅम्पवरून बाहेर आलो, चारी इंडिकेटर लावले, काच खाली केली आणि पाण्याकाठच्या रस्त्याला लागलो. तीन चाकं वीस दाखवत होती, डावं चार. पिवळा दिवा पेटलेला. वीसच्या वेगाने जाऊन मला काही दिसणार नव्हतं. मी वेग कमी करत गेलो. दहा, सात, पाच.

चारला आलो आणि दिवा विझला. एकदा लागलेला हा दिवा गाडी बंद करून चालू केल्याशिवाय जात नाही, पण गेला. मोबाइलवर चारही चाकं चार.

पुढचा वेळ किती होता ते मला सांगता येणार नाही. मी झोपेत असल्यासारखा गाडी चालवत होतो. पांढऱ्या धुक्यात पिवळे इंडिकेटर उमलायचे, मिटायचे. डावं चाक शून्यावर आलं की मी थांबायचो. चारवर गेलं की निघायचो. कुठे जातोय ते दिसत नव्हतं, पण भीतीही राहिली नव्हती. भरावावरचं ओलं गवत, बाबांची पाठ, त्यांच्या विडीचा वास... तो वास तर मला खरोखर आला, शपथेवर सांगतो, आणि बाबांनी विडी सोडून कित्येक वर्षं झालीत.

मग तीन चाकं चार असताना डावं शून्यावर आलं आणि तिथेच राहिलं. मी ब्रेक दाबला. उतरलो. काठी दगडावर आपटल्याचा आवाज आला, अगदी जवळून.

कठडा नसलेल्या जागी, पाण्यात उतरणाऱ्या पायरीवर बाबा उभे होते. पुढची पायरी पाण्याखाली होती. मी हळूच जाऊन त्यांचा दंड धरला. ते दचकलेसुद्धा नाहीत.

"किती हळू चालतोस रे," ते म्हणाले. "मगापासनं मागं मागं येतोयस, ऐकतोय मी."

गेट सापडलं का, असं मी विचारलं.  त्यांनी काठीने पाण्याकडे दाखवलं. एक सुकलेलं पान तरंगत होतं, जागच्या जागी. आम्ही दोघं बघत राहिलो. हळूहळू ते पान समुद्राकडे निघालं. "लागलं वाटंला," बाबा म्हणाले आणि निमूट गाडीत येऊन बसले.

त्या दिवशी माझं ठरलं. जिथे पाणी माघारी फिरतं तिथे हा माणूस सुखाने राहणार नाही. रेवती रडली, पण तिलाही पटलं. वहिनी बरी झाल्यावर मी स्वतः बाबांना गावी सोडून आलो.

मला वाटलं, आता दिवा जाईल. गेला नाही. गाडी पार्किंगमध्ये उभी असताना चाक चालायचंच. एकदा न राहवून मी दादाला फोन केला, बाबा कुठे आहेत विचारलं. कालव्यावर गेलेत म्हणाला. दुसऱ्या दिवशी चाक शून्य असताना केला, तर बाबा झोपलेले. असे पुष्कळ फोन केले, चूक एकदाही निघाली नाही. आमच्या धंद्यात याला कॅलिब्रेशन म्हणतात. दादा म्हणायचा, आजकाल तुला बाबांची फार आठवण येते.

पुढे गाडीची वार्षिक टेस्ट आली. दिवा लागलेला असेल तर पास करत नाहीत, आणि रजिस्ट्रेशनशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. इक्बालभाईंनी मागपर्यंत नवीन वायर ओढली, नवा सेन्सर टाकला. दिवा गेला. चारही चाकं शून्य. गाडी पास झाली आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

दोन-तीन दिवसांनी दादाचा फोन आला. बाबा ओट्यावरून उठत नव्हते. दुखतखुपत काही नव्हतं, डॉक्टर येऊन गेला होता. जेवण कमी झालेलं, काठी कोपऱ्यात. कालव्यावर चला म्हटलं तर नको म्हणायचे.

"का म्हणून विचारलं," दादा म्हणाला. "तर म्हणाले, रोज बारकं पोरगं मागनं यायचं, आता येत न्हाई. एकट्यानं कशाला जाऊ."

बारकं पोरगं म्हणजे मी.

फोन ठेवून मी तडक मुसफ्फा गाठलं. जुनी वायर आणि जुना सेन्सर आहे का, विचारलं. इक्बालभाई हात पुसत पुसत म्हणाले, लोक बिघाड काढायला येतात, घालायला आलेले तुम्ही पहिलेच. मग मी त्यांना सगळं सांगितलं, पहिल्यांदाच कुणाला तरी. ते हसले नाहीत. भंगाराच्या पिंपात हात घालून त्यांनी वायर शोधून काढली आणि गाडीखाली सरकले. दिवा मी गॅरेजच्या बाहेर पडायच्या आत लागला. त्या संध्याकाळी दादाने आपणहून फोन केला: बाबांनी चहा मागून घेतला आणि काठी घेऊन गेले.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. वायर मी टेस्टरने तपासली, सेन्सर प्लांटवर नेऊन तपासला, दोन्ही ठणठणीत आहेत. एबीएस चालत नाही हे मला माहीत आहे, म्हणून गाडी हळू चालवतो, आणि घरच्यांना रेवतीच्या गाडीतून नेतो. पुढच्या टेस्टला अजून अवकाश आहे. बाबांचं वय झालंय. त्या टेस्टच्या वेळी काय करायचं, याचा विचार मी करत नाही.

हे लिहिताना मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसलोय, डबा तसाच आहे. मोबाइलवर तीन शून्यं आहेत आणि एक चार. आत्ता शून्य झालं, पाणी बघत असतील. मीही थांबतो.