बांधापाशी थांबलेला चर

लढाईच्या आधीच्या पावसाळ्यात आमचं सेक्शन पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका पोस्टवर होतं. मी इंजिनियर्समध्ये हवालदार, हाताखाली दहा सॅपर. इंजिनियर म्हटलं की तुम्हांला इस्त्रीचे कपडे घातलेला माणूस दिसत असेल. आमचा इंजिनियर म्हणजे टिकाव, खोरं आणि सुरुंग.

पोस्टवरचा माझा नियम एकच. आधी चर, मग बंकर. डोंगरावरून येणारं पाणी बंकरच्या पाठीमागे अडवायचं नाही, वळवून लांब नेऊन सोडायचं. तोंड मोकळं नसेल तर तो चर नव्हे, हौद. हे मी पोरांना शिव्या घालून शिकवलं. लान्स नाईक बापूला मात्र शिकवावं लागलं नाही. तो पाटण तालुक्यातला, माझ्याच वाडीचा. उतारावरचं पाणी कुठं वळेल हे त्याला माझ्याआधी कळायचं.

एकदा दीड दिवस पाऊस थांबला नाही. सकाळी सहाला कंपनीतून वायरलेस आला.

"बंकर का हाल बताओ, ओव्हर."

बापूनं भिंतीच्या तळाला पालथा हात लावून बघितला आणि मान हलवली.

"सूखा है साब, ओव्हर," मी कळवलं.

ओव्हर म्हणजे माझं बोलणं झालं, आता तुमचं ऐकतो. पुढं रोज सकाळी सहाला बापू भिंतीला हात लावायचा आणि मी तेच कळवायचो.

डिसेंबरात लढाई झाली. आमच्या सेक्शनचा एकही माणूस गेला नाही. बापूच्या गुडघ्यात तोफगोळ्याचा स्प्लिंटर घुसला, तेवढंच. मेडिकल बोर्डानं त्याला घरी पाठवलं. त्यानं घराच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी गोठा बांधला. खाली दगडी जोतं, वर मातीच्या भिंती, त्यावर कौलं. आत खोंडांची जोडी आणि एका बाजूला वैरण.

लढाईनंतरच्या तिसऱ्या पावसाळ्यात मी रजेवर आलो. आषाढ चालू होता. पहिल्याच दिवशी बापू मला लंगडत गोठ्यामागं घेऊन गेला.

"साब, बघा की जरा."

"घरी आलोय रं. साब म्हणू नगंस."

"बरं साब."

त्यानं चर झकास काढला होता. कंबरभर खोल, उतार बरोबर. पण चर आमच्या भाताच्या खाचराच्या बांधाला येऊन थांबला होता. बांधापलीकडं आमचं खाचर, खाचरापलीकडं ओढा. दुसरीकडं वाट नव्हती, कातळ होता. म्हणजे बांध फोडल्याशिवाय पाण्याला तोंड नव्हतं.

"तुमच्या आबांना दोनदा इचारलं," बापू म्हणाला. "न्हाई म्हणत्यात. तुमी बोला."

आबा म्हणजे माझे वडील. मी संध्याकाळी विषय काढला.

"आबा, दोन हात बांध फोडू. बापूचा गोठा वाचंल."

"आन माजं रोप? कालच लावणी झालीया. समदं वढ्यात जाईल. माज्या बापानं घातलेला बांध हाय त्यो. त्याला कुदळ लागायची न्हाई."

आमच्याकडं बांधाला कुदळ लागली की पिढ्यान्‌पिढ्या बोलणं बंद होतं. हे मला माहीत होतं. पण मी विषय पुढं रेटला नाही, त्याचं खरं कारण ते नव्हे. दहा जवानांवर खेकसणारा मी, वडिलांपुढं माझा आवाज फुटत नसे. मी जेवून झोपलो.

सकाळी बापूला म्हणालो, "चार दिस थांब. रोप मूळ धरू दे, मग मी आबांचं बघतो. तवर बांधाला हात लावायचा न्हाई."

"ही ऑर्डर हाय का साब?" तो हसत होता.

मीही हसलो. "व्हय. ऑर्डर."

तिसऱ्या दिवशी मी खत आणायला पाटणला गेलो. दुपारी बारापासून पाऊस असा कोसळला की समोरचं दुकान दिसेना. एसटीनं फाट्यावर दोन वाजून दहा मिनिटांनी उतरलो. खताचं पोतं तिथंच टाकलं आणि पळत सुटलो. ओढ्याच्या अलीकडं पोचलो तेव्हा पावणेतीन झाले होते.

तिथून सगळं दिसत होतं. चर काठोकाठ भरला होता. लाल पाणी आमच्या बांधाला धडकून मागं फिरत होतं आणि गोठ्याच्या मागच्या भिंतीला लागत होतं. बापू बांधावर टिकाव घेऊन नुसता उभा होता.

"बापू! फोड बांध! फोड!"

त्यानं माझ्याकडं बघितलं.

"येस साब!"

टिकाव उचलून त्यानं चार घाव घातले. पाचवा घालणार तोच गोठ्यातून खोंड हंबरला. बापूनं टिकाव टाकला आणि तो आत गेला. मी ओढ्यात उतरलो, छातीभर पाणी होतं. एक खोंड बाहेर पळाला. मग दुसरा. मग मागची भिंत आधी तळातून खाली बसली आणि कौलांसकट आत पडली. दोन्ही पाय धड असते तर तो खोंडांच्या मागोमाग बाहेर पडला असता.

मी, आबा आणि बापूची बायको हौसा, तिघांनी हातांनी माती उपसली. वीस मिनिटं लागली. बापूच्या तोंडात, नाकात चिखल होता. मी छाती दाबत राहिलो. शेवटी आबांनी माझा हात धरला.

हौसा रडली नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "सकाळी आभाळ भरलं तवापासनं म्हणत हुते मी, फोडा त्यो बांध. ह्ये म्हणले, साबांची ऑर्डर न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्याला अग्नी देऊन आलो. आबा अंगावरच्या ओल्या कपड्यांनिशी कुदळ घेऊन बांधावर गेले आणि एकट्यानं चार हात बांध फोडला. चरातलं पाणी खाचरातून धावत ओढ्याला मिळालं. रोप सगळं गेलं.  मी आबांना दोष देत नाही. ते शेतकरी होते, त्यांनी रोप बघितलं. बिनतोंडाचा चर म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं.

वाडीच्या वेशीवर लढाईत पडलेल्यांच्या नावांचा दगड आहे. त्यावर बापूचं नाव नाही. मी एकदा विचारलं, तर सरपंच म्हणाले, हवालदार, तो गोठ्यात मेला. खोटं नाही ते. पण ऑर्डर पाळून मेला, हे त्या दगडावर कुठं कोरायचं?

हौसानं गोठा त्याच जागी पुन्हा बांधला. मी पेन्शनीवर आल्यापासून दरवर्षी रोहिणी नक्षत्र निघालं की तिथला चर उपसतो आणि बांधाचं तोंड मोकळं करतो. ती चहा आणून ठेवते आणि आत जाते. पावसाळाभर मी सकाळी सहाला गोठ्यामागं जातो, भिंतीच्या तळाला पालथा हात लावतो.

"सूखा है, बापू," एवढंच म्हणतो. ओव्हर म्हणत नाही. म्हटलं तर उत्तरासाठी थांबावं लागेल.