कापून नेलेलं शेवटचं प्रकरण

सुलेखा मुलखाची भित्री, आणि वेड कसलं, तर भुताखेतांच्या कादंबऱ्यांचं! नवऱ्याच्या, दीनानाथच्या, हाती आयतंच कोलीत मिळालं. तो जहाजावर इंजिनियर. निघायच्या आदल्या दिवशी तो बायकोला मुंबईहून मागवलेली एखादी भयकादंबरी द्यायचा आणि दाढीच्या ब्लेडने तिचं शेवटचं प्रकरण कापून स्वतःच्या बॅगेत टाकायचा.

"आलो की देईन. तोवर बस घाबरत."

मग सिंगापूरला, बेडोकच्या अकराव्या मजल्यावरच्या घरात ती बापडी सहा-सहा महिने अर्धवट गोष्ट घेऊन एकटी बसायची. लोक म्हणायचे, किती गमत्या नवरा! डोंबलाचा गमत्या.

२०१५ च्या हॅलोविनला मैत्रिणींना भयकथा सांगायची पाळी सुलेखाची आली. विनीताच्या ईस्ट कोस्टच्या कॉन्डोत दर वर्षी हा कार्यक्रम व्हायचा. वाचलेली कादंबरी रंगवून सांगायची, अगदी शेवटापर्यंत. चारचौघांत तोंड न उघडणारी सुलेखा आठवडाभर आरशासमोर बोलत होती. एकदा तरी या बायकांनी आपल्याला मोजावं, एवढंच तिला हवं होतं. तिने दीनानाथला मेसेज केला, "अहो, त्या कापलेल्या सहा पानांचे फोटो पाठवा ना. माझी लाज राखा." उत्तरादाखल नुसती एक कवटी आली.

तेव्हा शेवट तिने स्वतःच रचला. कादंबरी अशी: रिकाम्या खोलीत आपोआप हलणारा पाळणा, रोज तिकडे ओढली जाणारी नवी सून. सुलेखाच्या शेवटात सून त्या खोलीला बाहेरून कडी घालते, चपला पायात सरकवते आणि घर सोडून निघून जाते. तिने सांगितलं झकास. बायका श्वास रोखून ऐकत होत्या. सुलेखाला आयुष्यात पहिल्यांदा हलकं हलकं वाटलं.

तेवढ्यात विनीताने आपला मोबाइल हातात घेतला. "काय गं, थापा मारतेस? भावोजींनी खरी पानं मला कालच पाठवलीत. म्हणाले, ही काय फेकते त्याचा व्हिडिओ काढा." आणि तिने खरा शेवट मोठ्याने वाचून दाखवला. त्यात सून वेडी होऊन पाळणा हलवत बसते. हसून हसून बायकांची मुरकुंडी वळली.

"आँटीचा एंडिंग बेटर लाह!" विनीताची लेक मधुरा सिंगापुरी ढंगात म्हणाली. आईने तिला गप्प केलं.

सुलेखाही हसली. हसली नसती तर तिथेच रडली असती. दीनानाथचा फोन आला, "कशी जिरली?" ती म्हणाली, "छान." इतकी वर्षं आपण पुस्तकातल्या भुतांना भ्यायलो आणि या माणसाची वाट पाहिली, याची तिला किळस आली.

जानेवारीत त्याचा मेसेज आला. बदली माणूस मिळत नाही, अजून तीन महिने जहाजावरच काढावे लागणार. रडू नकोस.

सुलेखाने मेसेज दोनदा वाचला. मग साजूक तूप घालून वाटीभर रव्याचा शिरा केला आणि गरम गरम, एकटीने, सगळा संपवला.