सोपानचा दुसरा हात

सोपान काशीद बोलायला लागला की माझ्या हाताला काम लागतं. तो माइक घेऊन चालत सुटतो आणि मी मागून वायर सोडत राहतो. पुढं गेला की सोडायची, परत फिरला की गोळा करायची, कुणाच्या पायात अडकली तर शिव्या मी खायच्या. साउंड सर्व्हिस माझी, अ‍ॅम्प्लिफायर माझा, कर्णे माझे, आणि लोक ओळखतात त्याला. मला 'सोपानचा वायरवाला' म्हणतात. माझं नाव आदिनाथ आहे, हे माझ्या बायकोला तेवढं आठवतं.

बिनवायरचा माइक घे, म्हणून मी कितीदा सांगितलं. "ऐन बारीत बॅटरी मेली म्हंजे?" हे त्याचं ठरलेलं उत्तर. बारी म्हणजे बैलगाड्याची एक धाव. आमचं गाव वराळ्याच्या पुढं, आंदर मावळाकडं वळताना लागतं. चैत्रातल्या जत्रेला आमच्या घाटात, म्हणजे चढाच्या लांब मोकळ्या पट्टीवर, गाडे पळतात. खालून गाडा सुटतो, वर निशाण पडतं, सगळा काही सेकंदांचा खेळ. तेवढ्यात मालकाचं नाव, गाव, बैलांची नावं, मागच्या साली मारलेलं मैदान, सगळं सांगून वर 'भिर्रर्र' म्हणायला सोपानला दम पुरतो. मला नुसतं ऐकून धाप लागते.

एरवीही त्याच्या पायाला भिंगरी. लोणावळ्यातून चिक्कीची खोकी टेम्पोत भरायची आणि तळेगाव-चाकणच्या दुकानांत पोचवायची, हा त्याचा पोटाचा धंदा. कुठंच फार वेळ थांबावं लागत नाही म्हणून तो टिकला. चहा उभ्यानं, तोही अर्धा एका टपरीवर आणि अर्धा दुसरीवर. फोन आला की बोलत बोलत निम्मं गाव फिरून येतो आणि आल्यावर विचारतो, "मी काय सांगत व्हतो?"

आमच्या घाटाचा एक जुना नियम आहे. ज्याच्या हातात माइक, त्यानं गाडा पळवायचा नाही. सोपानच्या दावणीला चांगली जोडी होती. माइक घ्यायचं ठरलं तेव्हा त्यानं ती विकली आणि बाजारातून आल्यावर कितीतरी दिवस गोठ्याकडं पाठ करून बसत होता. नियमाचं दुसरं अंग असं, की माइकवाल्याच्या नात्यातला गाडा असेल तर त्या बारीपुरता त्यानं माइक सोडायचा आणि तो घ्यायचा विरोधातल्या गाड्याच्या मालकानं. त्यानं पुकारताना हातचं राखायचं नाही. ज्यानं राखलं, त्याला गाव पुन्हा घाटात विचारत नाही.

मग शर्यतींवर बंदी आली. घाटात गुडघाभर गवत माजलं. ती जमीन तोवर गावाशेजारी उभ्या राहिलेल्या विद्यापीठाच्या कुंपणात गेलेली होती, पण गावाला विचारल्याशिवाय घाटाला हात लावणार नाही, असा शब्द देऊनच विद्यापीठानं ती घेतली होती. रिकाम्या घाटाच्या पायथ्याला कॉलेजची पोरं फुटबॉल खेळू लागली. सोपानला कुठंतरी ओरडायला पाहिजेच होतं. तो त्यांचे सामने पुकारू लागला, मागून मी वायर घेऊन. त्याची मानसी तेव्हा फ्रॉकात होती. बापाच्या मागं यायची आणि बाहेर गेलेला चेंडू आणून द्यायची. आणून देता देता ती अडवायला शिकली. आज ती त्याच विद्यापीठात शिकते आणि मुलींच्या संघाची गोलकीपर आहे.

बंदी उठली, गाडे परत आले आणि पायथ्याचा फुटबॉल मागं पडला. तसंही मोठ्या स्पर्धेचे सामने त्या उंचसखल जागी कुणी खेळू देत नाही. विद्यापीठाचा संघ 'घरचे' सामनेसुद्धा पुण्यात भाड्याच्या मैदानावर खेळतो. म्हणून यंदा विद्यापीठानं ठरवलं, की आवारातच फुटबॉलचं स्टेडियम बांधावं. जागा एकच बसत होती, घाटाची.

त्या दिवसापासून गावात दुसरा विषय नाही. एकाला विचारलं तर म्हणायचा, पोरांना मैदान मिळंल, दोन-चार घरांना काम मिळंल. दुसरा म्हणायचा, होस्टेलला पाणी टँकरनं येतंय आणि यांना दिवे लावून खेळायचंय! सगळ्यांत कडक निवृत्तीआबा. त्यांच्या जोडीनं किती मैदानं मारली, ते विचारायची सोय नाही, ते न विचारता सांगतात. कुणी म्हणालं, शर्यत तर वर्षातून एक दिवस असते. आबा तापले. "आन् त्यांच्या म्याची किती रं? चार! बाकी सालभर तितं लग्नं लावतील." मला मनातून आबांचं पटत होतं. स्टेडियम झालं की तिथं भिंतीत बसवलेले स्पीकर येणार, मग माझे कर्णे कुणाच्या कामाचे? स्वार्थ तर स्वार्थ.

आणि सोपान? तो गाडेवाल्यांत बसला की घाटाचं असं वर्णन करायचा की आबांचे डोळे भरून यायचे. तिथून उठून खेळाडू पोरांत गेला की स्टेडियमचं असं वर्णन करायचा की पोरं शिट्ट्या मारायची. मला संताप यायचा.

"अरे, तुझं काय म्हणणं हाय?" मी एकदा टेम्पो अडवून विचारलं.

"दोनी जोड्या ताकदीच्या हायती."

"ते लोकांचं झालं. तुझं?"

"खोकी पोचवायचीत," म्हणाला आणि गिअर टाकला.

मला टाळलं, पण पोरीला कसं टाळणार? मी त्याच्या ओट्यावर कर्णा दुरुस्त करत बसलो होतो तेव्हा मानसी बाहेर आली. "पप्पा, भाषण करू नका. तुम्ही माझ्या बाजूनं आहात का, एवढंच सांगा." सोपान म्हणाला, हो, म्हणजे बघ, घाट आपला किती पिढ्यांचा... "म्हणजे नाही." तसंही नाही गं, तुमच्या पोरींचा खेळ... आणि त्याचा फोन वाजला. मला आवाज आला नाही, पण तो वाजला असं म्हणून तो उठला आणि चालत वराळ्यापर्यंत जाऊन आला. मानसी माझ्याकडं बघून म्हणाली, "काका, यांना स्वतःचं मत आहे तरी का?" मी स्क्रू आवळत राहिलो.

सभा माघात विद्यापीठाच्या सभागृहात भरली. कुलसचिव राजेश्वरी मॅडमनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, की विद्यार्थी, प्राध्यापक, गावकरी कुणीही बोलावं, पण शब्द गावाला दिलाय तेव्हा निकाल गावाचा. एका घराचा एक हात. हात जास्त तिकडं निकाल. माइक अर्थातच सोपानकडं, वायर माझ्याकडं. त्यांच्या सभागृहात चांगले स्पीकर होते, पण गावानं अडून माझेच लावले.

सोपान त्या दिवशी जास्तच सुटला होता. बोलायला येणारा प्रत्येक माणूस तो घाटात सोडल्यासारखा पुकारत होता. ग्रंथालयाचे सर सांगणार होते की छत गळतंय, आधी ते करा. बिचारे चष्मा पुसत उठले तर हा गर्जला, "आली, आली, ग्रंथालयाची बारी आली! अंगानं किरकोळ, पन अभ्यासाला तुफान!" सर लाजून अर्धं बोलायचं विसरले. आबांना त्यानं घाटाचा राजा म्हणून पुकारलं. फुटबॉलच्या प्रशिक्षकांनाही काही कमी केलं नाही. तो दारापासून व्यासपीठापर्यंत येरझाऱ्या घालत होता आणि मी घामानं निथळत मागं होतो.

मग चिठ्ठी आली मानसीच्या नावाची.

सोपान थांबला. माझ्या हातातली वायर सैल पडली, तेव्हा मी मान वर केली. त्यानं चिठ्ठी वाचली, सभागृहावरून नजर फिरवली आणि सरळ निवृत्तीआबांच्या पुढं जाऊन माइक धरला. "आबा, नात्यातली बारी हाय."

विद्यापीठाच्या लोकांना काही कळेना. गावाला मात्र कळलं, आता पुकारायचं आबांनी. आबा माइककडं बघत राहिले. स्टेडियम होऊ नये म्हणून सगळ्यात जास्त घसा कोरडा केलेला माणूस तो. पण नियम म्हणजे नियम. आबा उठले, टोपी सारखी केली.

"मानसी सोपान काशीद," ते म्हणाले. पुढं त्यांना सुचेना. खाकरले. "बंदीच्या सालात आपल्याच घाटात पडून गुडगं फोडून घेतल्यालं पोर. माज्या दारात येऊन हळद लावून गेल्यालं. पन रडली न्हाई. फुटबॉलातलं मला कळत न्हाई. पन हिच्या दारातून चेंडू आत जात न्हाई म्हंत्यात. गावाचं नाव घेऊन खेळती. बारी सोडा!"

आबांचा आवाज शेवटी फाटला. हातचं त्यांनी काही राखलं नव्हतं.

मानसी बोलली ते थोडंच. "पुण्यात आमचा घरचा सामना असतो तेव्हा समोरच्या संघाची माणसं जास्त असतात. मी गोल अडवला की कुणी ओरडत नाही. लहानपणापासून पप्पांनी सगळ्या गावांचे बैल पुकारलेले मी ऐकलेत. मी खेळायला लागल्यापासून माझी मॅच त्यांनी एकदाही पुकारलेली नाही. घाट जाणार, हे मला कळतं. मी तिथंच खेळायला शिकले. तरी मी मागतेय." एवढं बोलून ती खाली बसली.

हात मोजायची वेळ आली. मॅडमनी आधी स्टेडियमच्या बाजूचे मोजले, मग विरोधातले. माझा हात विरोधात होता, ते सांगून टाकतो. मॅडमनी बेरीज केली, पुन्हा केली आणि गोंधळल्या. गावाचे उंबरे एकसष्ट. दोन्हीकडं एकतीस-एकतीस हात.

"सोपान्या," आबा बसल्या जागेवरून म्हणाले, "तुजा हात दोनी येळा वर व्हता."

सभागृहात हशा फुटला. मलाही हसू आलं. जन्मभर दोन्ही जोड्यांना सारखं पुकारलेला माणूस, त्याच्याकडून दुसरं काय होणार? मग मला मानसी दिसली. ती हसत नव्हती. ती बापाकडं बघत होती, आणि हळूहळू बाकीचेही हसायचे थांबले.

"काशीद, एक हात मागं घ्यावा लागेल," मॅडम म्हणाल्या. "कोणता ठेवू?"

माइक आबांच्या पुढ्यात पडला होता. कुणीतरी तो सोपानकडं सरकवला. त्यानं घेतला नाही. तो चालतही नव्हता. मधल्या वाटेत दोन्ही हात खाली सोडून उभा होता, आणि मला त्याच्या मागं सोडायला वायर नव्हती. बिनमाइकचा त्याचा आवाज बारीक निघाला, मागच्यांना तर ऐकूही गेला नसेल.

"पयला ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "पोरीचा हाय त्यो. दुसरा माजा व्हता."

आणि तो दारातून बाहेर पडला. मी त्याच्यामागं जायला हवं होतं, पण मी तिथंच बसून वायर गुंडाळत राहिलो. त्याचा दुसरा हात म्हणजे विकलेली जोडी होती, रिकामा गोठा होता, आवाज दिलेला घाट होता, आणि तो त्यानं पोरीसाठी खाली केला होता. मला आबांकडं बघवेना.

चैत्रात घाटाची शेवटची जत्रा भरली. गावानं मोठ्या मनानं निरोप धाडला, की माइक सोपाननंच धरावा. तो नाही म्हणाला. "त्या सभंत माजी जोडी पळाली. आता मी त्या जागंवर बसायचा न्हाई." आबा स्वतः त्याच्या दारात जाऊन आले, तरी ऐकलं नाही. शेवटी माइक आबांनीच घेतला. बसल्या जागेवरून हलले नाहीत, त्यामुळं माझी वायर पहिल्यांदाच गुंडाळी न सोडता पडून राहिली. पुकारणं मात्र भयंकर. बैलांची नावं उलटीपालटी, एका गावचा गाडा दुसऱ्याच गावाला देऊन टाकला, 'भिर्रर्र' गाडा वर पोचल्यावर. लोक ओरडत होते, सोपानला बोलवा, सोपानला बोलवा.

सोपान खाली गर्दीत होता. मानसी त्याच्या शेजारी. मी पाणी प्यायला उठलो आणि त्यांच्या मागून जाताना गर्दीनं मला सोपानच्या खांद्यापाशी दाबलं. गाडा सुटला. सोपानचे ओठ हलत होते. मालकाचं नाव, गाव, बैलांची नावं, मागच्या साली मारलेलं मैदान, सगळं बरोबर, सगळं वेळेत, पण इतकं हळू की हातभर अंतरावरच्या माणसालाही कळू नये. मानसीनं कान त्याच्या तोंडाजवळ आणला होता.

ती तशीच उभी राहिली. उन्हं कलेपर्यंत गाडे पळत होते आणि ती एकटी ऐकत होती.