चौकटीवरचं फुटलेलं डाळिंब

मिस्त्रींच्या दुकानात मी गेले ती काही शिकायला नाही. मोर्चाच्या फलकांना काठ्या हव्या होत्या, त्या मागायला. कोल्हारात आमच्या वस्तीपासून त्यांचं दुकान चालत दहा मिनिटांवर. मिस्त्री सत्तरीचे, खाली बसून सागाच्या फळीवर काहीतरी कोरत होते. गोल तोंडाची पटाशी लावली, मनगट एवढंसं फिरवलं, आणि लाकडातल्या पानाची कड वर उचलली गेली. खालून वारा लागावा तशी! काठ्या राहिल्या बाजूला. मी म्हटलं, "काका, मला हे शिकवा."

"माझी पोरं न्हाई शिकली. दोगंबी सुप्याला कंपनीत हायेत. तू काय शिकनार? तुझं हात फलक धरायचं."

"फलक धरणाऱ्यानं पटाशी धरू नये असं कुठं लिहिलंय?"

"लिहायचं काम तुझं हाय, माझं न्हाई," ते म्हणाले, आणि आंब्याच्या लाकडाचा एक तुकडा माझ्याकडे सरकवला.

गावात लगेच कुजबुज सुरू झाली. सुताराचं काम सुताराच्या घरात राहावं म्हणे, आणि बाईमाणसानं तर त्या बाजूला फिरकूच नये. कोणी ठरवलं हे? घरातली मुलं शिकत नाहीत, बाहेरच्या मुलीला शिकू द्यायचं नाही, मग कला मेली म्हणून हळहळायला हेच पुढे! या विषयावर पत्रक लिहिण्याइतका राग माझ्याकडे होता. पण लिहिलं नाही. कारण हात मोकळाच नव्हता.

पहिला पेरू कोरला तेव्हा मिस्त्रींनी तो हातात फिरवून विचारलं, "बटाटा का?" पानांचं त्याहून वाईट. मी सगळी पानं सरळ, ताठ, ठसठशीत कडांची काढायचे. लांबून दिसलं पाहिजे ही पत्रकांची सवय.

"तुझी पानं वरडत्यात," मिस्त्री म्हणाले. "झाडावरचं पान कधी घोषणा देतं का? जरा वळू दे त्याला. एखाद्याला कीड लागू दे."

मग मला वेड लागलं. एसटीच्या खिडकीतून मी पिंपळाची पानं बघायचे, पाठीवर पडलेली, कुशीवर वळलेली. रस्त्याच्या निवेदनाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर शिरा काढायचे. एकदा ते निवेदन तसंच तहसील कचेरीत गेलं. लाकडाची रेघ जिकडे जाते तिकडे पटाशी ढकलली की ती लोण्यातून जाते, उलट ढकलली की ढलपी निघून हातात येते. हे कळलं त्या दिवशी मी घरी पळत आले होते!

त्याच सुमारास वस्तीतल्या विहाराच्या नव्या दाराची बैठक झाली. नगरच्या दुकानात मशीनवर कोरलेली तयार चौकट मिळते, ती आणायची, असं जवळजवळ ठरलं होतं. मी उभी राहिले. मशीनवरची सगळी पानं एका साच्याची असतात, हे आपल्या दाराला शोभतं का, असं तावातावानं बोलले. विहार समितीचे अध्यक्ष माझे चुलते, निवृत्त मास्तर. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. ते म्हणाले, "मग तू करतेस?"

"करते."

"बुद्धपौर्णिमेला दार उघडायचंय. दहा दिवस आधी आम्ही बघायला येऊ. पसंत नाही पडलं तर मशीनची येईल. मग तोंड फुगवायचं नाही."

चौकट मिस्त्री करणार होते, कोरीव पट्टी मी. दाराच्या वरची ती आडवी पट्टी, जिला आमच्याकडे सगळे गणेशपट्टी म्हणतात, कारण तिच्या मधोमध गणपती असतो. मिस्त्रींनी तो शब्द उच्चारला आणि मी पटाशी खाली ठेवली. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या घरातली मी. म्हटलं, विहाराच्या दाराला गणेशपट्टी नसते.

"मंग काय म्हनू?"

"पानं आहेत ना तिच्यावर? पानपट्टी म्हणा."

मिस्त्री इतके हसले की त्यांना ठसका लागला. "विहारावर पानपट्टी? चुना-कात बी ठिवायचा का?"

"बरं, फळपट्टी."

"घरपट्टी, पानीपट्टी, आता फळपट्टी! ग्रामपंचायतीला सांगू नको, वसूल करत्याल."

शेवटी ते नुसतं 'तुझी पट्टी' म्हणायला लागले. मी जिंकले होते. त्या आनंदात महिनाभर कोरत राहिले. दोन्ही टोकांकडून पिंपळाच्या डहाळ्या निघाल्या, वळत वळत मध्याकडे आल्या. मिस्त्री म्हणाले, "मधी उंचवटा राहू दे, त्ये शेवटाला बघू." मी राहू दिला.

आप्पा आले, सोबत वस्तीतल्या पाच-सहा बायका, त्यांत माझी आई. आप्पांनी चष्मा चढवला. पानांवरून बोट फिरवत ते मध्यापर्यंत आले आणि थांबले.

"हे काय?"

"मधली जागा. तिथं काय कोरायचं ते—"

"जागा कोणाची आहे ती?"

मी बघितलं. पहिल्यांदाच बघितलं! दोन्ही बाजूंची पानं नमस्काराला वाकावीत तशी वाकलेली, आणि मध्ये पुढे आलेला अंडाकृती उंचवटा, वर लहान, खाली पोटाशी फुगलेला. मिस्त्रींच्या हाताला आयुष्यभर तेच माप ठाऊक, आणि ते माप मी मुकाट्यानं उतरवलं होतं. शब्दासाठी भांडले होते, जागा तशीच ठेवली होती.

"पत्रकं लिहितेस ना तू?" आप्पा म्हणाले. "ही गणेशपट्टीच आहे. गणपती तेवढा बसायचा राहिलाय. नगरला फोन लावतो."

मिस्त्री कानकोंडे झाले. "मास्तर, माझ्या ध्यानात न्हाई आलं. हात गेला सवयीनं."

उंचवटा तासून टाकला तर पानं रिकाम्या जागेला वाकलेली दिसणार. धम्मचक्र कोरायचं तर ते गोल, खालचं पोट कुठं लपवायचं?

आई पुढे आली. ती डाळिंबाच्या बागांत तोडणीला जाते. उंचवट्यावर तळहात ठेवून म्हणाली, "फुटल्यालं डाळिंब काढ की हितं."

"विहारावर फुटलेलं? टाकून दिलेलं?" मीच भडकले.

"आख्खं असतं ते बागवाल्याच्या टेम्पोत जातं. फुटल्यालं आमच्या पदरात येतं. तुमाला काय खाऊ घालून वाढवलं?"

बाकीच्या बायका हसल्या. एक म्हणाली, "आन् ग्वाड त्येच असतंय."

आप्पांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "चार दिवस. पाचव्या दिवशी मी नगरला जाणार."

"पोटापुरतं लाकूड हाय," मिस्त्री हळूच मला म्हणाले. "डाळिंबाला बी पोट असतंच की."

ते चार दिवस! आई रोज तोडणीवरून येताना एक फुटलेलं डाळिंब आणायची. मी ते समोर ठेवून कोरायचे. साल कुठं फाटते, दाणे एकमेकांना कसे रेटतात, एकही दाणा दुसऱ्यासारखा नाही. कोरताना दोन दाणे उडाले, तिथं मी पातळ पडदा काढला. डाळिंबात तो असतोच! मिस्त्रींनी पटाशी एकदाही लाकडाला लावली नाही. नुसते धार लावून द्यायचे.

पाचव्या दिवशी आप्पा आले. अंगठ्यानं दाणे दाबून बघितले, खऱ्या डाळिंबाचे बघतात तसे. मग मिस्त्रींना म्हणाले, "चौकट कधी बसवताय?"

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी चौकट उभी राहिली. सगळी वस्ती माना वर करून बघत होती. मला तर उड्या माराव्याशा वाटत होत्या. आई कंबरेवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "त्यो डाव्या अंगाचा दाना कच्चा हाय."

"आता राहू दे गं, वर बसलीय पट्टी!"

पण मिस्त्रींनी तोवर स्टूल आणून दाराखाली ठेवलं होतं.